शिक्षकाची परीक्षा : दोनशे वर्षांचा मागोवा



परीक्षा विद्यार्थ्याने द्यावयाची आणि शिक्षकाने घ्यावयाची, अशी आपल्या समाजाची पक्की समजूत आहे. आता मात्र ज्यांच्या हाताखालून शेकडो मुले शिकून गेली, असे पंधरा-वीस वर्षांचे अनुभवी शिक्षक शाळा सुटल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत बसलेले दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी एक निकाल दिला. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवेतून बाहेर पडावे, असे त्यात सांगितले गेले. ज्या प्रकरणात हा निकाल झाला, त्यातील एक पक्ष महाराष्ट्रातील अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट हा होता. त्यामुळे मुस्लिम शिक्षणसंस्थांत या निकालाची चर्चा अधिक झाली, हे स्वाभाविकच आहे.

"नेमणूक झाली तेव्हा ही अट नव्हती, मग आता का?" असा प्रश्न अनेक शिक्षक बंधुभगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे कायद्याच्या अंगाने त्याचे उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या प्रांतात शिक्षकाची परीक्षा कधी, कशी आणि का सुरू झाली, हे पाहिल्यास या प्रश्नावर बराच प्रकाश पडेल असे वाटते.

इंग्रजी अमलापूर्वी गावातील पंतोजी किंवा मकतबातील मौलवी यांना कोणी प्रमाणपत्र विचारीत नसे. गावाचा विश्वास हेच त्यांचे प्रमाणपत्र. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी या संस्थेने मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशीनाथ छत्रे हे तिचे चिटणीस. पुस्तके तयार झाली, पण ती नव्या रीतीने शिकविणार कोण? तेव्हा संस्थेने २४ तरुणांना मुंबईत शिकवून तयार केले आणि १८२६ मध्ये प्रांताच्या निरनिराळ्या भागांत शाळा चालविण्यास पाठविले. आपल्याकडच्या प्रशिक्षित शिक्षकांची ही पहिली तुकडी म्हणावयास हरकत नाही. शाळा तातडीने हव्या होत्या, म्हणून शिक्षकही तातडीनेच घडवावे लागले, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. कारण पुढील दोनशे वर्षे हेच पुनःपुन्हा घडत आले आहे.

१८४५ मध्ये मुंबईत नॉर्मल क्लास या नावाने शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. त्याची सूत्रे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे होती. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. सहकारी आजारी पडली की तिचा भार दुसरीने उचलावयाचा, ही शिक्षकी पेशातील रीत तेव्हापासूनची आहे.

१८५४ चा वुडचा खलिता आपण बी.एड.च्या अभ्यासात वाचलेला असतो. शिक्षक तयार करणाऱ्या शाळांना त्या काळी नॉर्मल स्कूल म्हणत. अशा शाळा प्रत्येक प्रांतात काढाव्यात, असे खलित्याने सांगितले. त्याचबरोबर होतकरू विद्यार्थ्याला शाळेतच उमेदवार शिक्षक म्हणून ठेवावे, त्याला विद्यावेतन द्यावे, लायक ठरल्यास नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावे, शिक्षण पुरे झाल्यावर प्रमाणपत्र द्यावे आणि नंतर पुरेसा पगार मिळेल अशी व्यवस्था करावी, अशी ती सबंध योजना होती. प्रमाणपत्र हा तिचा केवळ एक भाग. आधी विद्यावेतन होते आणि नंतर पगार होता. पुढे मुंबई इलाख्यात ट्रेनिंग कॉलेजे निघाली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजशी कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाचे नाव जोडलेले आहे. शिक्षकांच्या हाती पडणारे 'शालापत्रक' हे मासिक त्यांनी व नंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी चालविले.

परीक्षा ही नोकरीची अट व्हावी, हा विचार स्पष्टपणे मांडला तो १८८२ च्या हंटर आयोगाने. अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन या दोहोंची एक परीक्षा असावी आणि सरकारी वा अनुदानित माध्यमिक शाळेत कायम नेमणूक मिळण्यासाठी ती उत्तीर्ण होणे आवश्यक मानावे, अशी त्याची शिफारस होती. पदवीधरांसाठी प्रशिक्षणाची मुदत इतरांपेक्षा कमी ठेवावी, असेही आयोगाने सुचविले. आजच्या वादातील दोन्ही मुद्दे, परीक्षेची सक्ती आणि थोडक्या मुदतीची तयारी, अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. मुसलमानांच्या शिक्षणाचा विचार करताना मुस्लिम शिक्षकांसाठी स्वतंत्र नॉर्मल स्कूल अथवा वर्ग काढावेत, ही शिफारसही याच आयोगाची.

याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, त्यांचे पगार अत्यंत अपुरे आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. महात्म्यांनी प्रशिक्षण आणि पगार एकाच दमात मागितले, हे विसरता कामा नये.

१९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि माध्यमिक शिक्षकांच्या शिक्षणाची सोय झाली. २१ फेब्रुवारी १९१३ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात हिंदुस्थान सरकारने म्हटले की, पात्रतेचे प्रमाणपत्र नसलेल्या शिक्षकास शिकवू देऊ नये. ठराव कागदावर झाला, पण खेड्यापाड्यांत चित्र निराळे होते. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला तरुण थेट शाळेवर रुजू होई. काही वर्षे शिकविल्यानंतर त्याचा ट्रेनिंग कॉलेजला नंबर लागे. तेथे जितकी वर्षे काढली, त्यावरून त्याची ओळख ठरे. "पहिल्या वर्षाचे मास्तर", "तिसऱ्या वर्षाचे मास्तर" हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकलेले वाचक पुष्कळ असतील. या परीक्षेत लेखी पेपराबरोबर पाठ घ्यावा लागे. समोर खरीखुरी मुले, मागे परीक्षक आणि हातात खडू. मुलांना समजले की नाही, हे परीक्षकाला तेथल्या तेथे दिसे.

१९२९ च्या हार्टोग समितीने प्रशिक्षणाचा काळ अपुरा असल्याचे सांगून तो वाढवावा आणि कामावरील शिक्षकांसाठी उजळणी वर्ग घ्यावेत, अशी सूचना केली. त्यानंतर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. समितीच्या अहवालातील शिक्षकविषयक भाग आज मुद्दाम वाचण्याजोगा आहे. मूलोद्योग शिक्षणासाठी शिक्षकाचा पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा, असे समितीने म्हटले. पण योजना लगेच सुरू करावयाची, तर तीन वर्षे थांबणार कोण? म्हणून निवडक शिक्षकांसाठी एक वर्षाचा लहान अभ्यासक्रमही तिने सुचविला. निकड होती म्हणून मुदत कमी केली, तरी त्या वर्षभरात शिकविण्याची जबाबदारी मात्र योजनेने स्वतःकडे घेतली.

स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या आणि अप्रशिक्षित शिक्षकांची संख्याही वाढली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात हा साठलेला अनुशेष भरून काढण्यासाठी पत्रद्वारा शिक्षणासारखे मार्ग सुचविले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील होते, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पुढे महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आली. शिक्षकाची अर्हता आणि त्याच्या नोकरीचे संरक्षण ही दोन्ही त्यात एकत्र बांधली गेली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानुसार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने अधिकार मिळाले.

आता अलीकडचा इतिहास. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील तरतुदीनुसार २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांच्या किमान अर्हतेत पात्रता परीक्षेचा समावेश झाला. केंद्राची पहिली परीक्षा जून २०११ मध्ये आणि महाराष्ट्राची पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, परंतु किमान अर्हता नसलेल्या शिक्षकांना ती मिळविण्यासाठी चार वर्षांची मुदत मिळाली. त्या वेळी देशभरातील १३ लाखांहून अधिक अप्रशिक्षित शिक्षकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या पदविकेसाठी नावे नोंदविली होती. त्यानंतर आला तो २०२५ चा निकाल.

या सर्व कालपटावर नजर टाकली असता दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की, आपल्याकडे शिक्षक वर्गात आधी आला आणि परीक्षा त्याच्यापर्यंत मागाहून पोहोचली. व्हर्नाक्युलर फायनलचे मास्तर, स्वातंत्र्यानंतर भरती झालेले गुरुजी, सर्वांची कथा हीच. शाळा थांबू शकत नव्हती, म्हणून त्यांनी आधी शिकविले आणि मग परीक्षा दिली. तेव्हा सेवेत असताना परीक्षेला बसणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हेच केले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्वीची परीक्षा शिक्षणाच्या शेवटी येत असे. तिच्या आधी विद्यावेतन, सराव पाठशाळा, रजा, निदान घरी टपालाने येणारे पाठ तरी असत. टीईटीच्या बाबतीत परीक्षा तेवढी आहे. तिच्या आधीचे शिक्षण ज्याचे त्याने पाहावयाचे आहे. शिवाय हंटर आयोगाने तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन अशी दोहोंची परीक्षा सुचविली होती. टीईटीच्या दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून शिक्षकाचा आवाज, संयम वा फळ्यावरचे काम दिसत नाही. डी.एड. वा बी.एड. करताना त्याने पाठ देऊन तो भाग पूर्वीच पार पाडलेला असतो. म्हणून ही परीक्षा म्हणजे शिक्षकाच्या साऱ्या गुणांचे माप, असे पालकांनीही समजू नये. मात्र मुले कशी शिकतात याचे शास्त्र शिक्षकाला ठाऊक असावे, ही तिच्या मुळाशी असलेली अपेक्षा चुकीची आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग मुदत थोडी, घरी संसार आणि शाळेत पूर्ण तासिका, अशा स्थितीत तयारी कशी करावी? प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, दीडशे मिनिटे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के, म्हणजे ८३. पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच भाग, प्रत्येकी ३० गुणांचे. दुसऱ्या पेपरात पहिले तीन भाग तेच आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान अथवा सामाजिक शास्त्रांना. उर्दू ही पहिली भाषा म्हणून घेता येते. म्हणजे उर्दू माध्यमाच्या शिक्षकाचे ३० गुण त्याच्या रोजच्या कामातले आहेत.

समजा, हाती दोनच महिने आहेत. रोज एक तास आणि रविवारी तीन तास धरले, तरी आठवड्याचे नऊ आणि आठ आठवड्यांचे बहात्तर तास होतात. पहिल्या रविवारी काहीही न वाचता एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. कोठे किती गुण पडले ते पाच भागांत मांडावे. ज्या दोन भागांत सर्वांत कमी गुण असतील, त्यांना पुढील सहा आठवड्यांतील निम्मा वेळ द्यावा. शेवटचा आठवडा केवळ प्रश्नपत्रिकांसाठी ठेवावा. नवी जाडजूड मार्गदर्शके विकत घेण्यापूर्वी आपल्याच शाळेतील पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके वाचून काढावीत. प्रश्नांचा पाया तेथेच असतो, केवळ काठिण्य थोडे वरचे असते.

बालविकासाचा भाग अनेकांना अवघड वाटतो, कारण पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग ही नावे पदविकेनंतर कानांवरून गेलेली नसतात. पण त्यांचा विषय रोज आपल्यासमोर बसलेला असतो. एखादा मुलगा सत्तावीस अधिक पंधरा याचे उत्तर ३१२ लिहितो. त्याने दोन आणि एक मिळून तीन केले, सात आणि पाच मिळून बारा केले आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडले. त्याला बेरीज येते, स्थानिक किंमत येत नाही. येथे "चूक" अशी फुली मारावी, पुन्हा दहा वेळा लिहावयास सांगावे की दहा काड्यांची जुडी बांधून दाखवावी? टीईटीत प्रश्न या जातीचे येतात. सात ते अकरा वर्षांचे मूल प्रत्यक्ष वस्तूंच्या आधाराने विचार करते, असे पियाजेने सांगितले. आपण मात्र ते कित्येक वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. आपल्या वर्गातील अशा वीस चुका वहीत टिपून प्रत्येकीपुढे "मुलाने असे का केले?" एवढे लिहिले, तरी या भागाची अर्धी तयारी होते आणि दुसऱ्या दिवशीचा तासही सुधारतो.

एकट्याने अभ्यास करण्यापेक्षा चौघांनी मिळून करावा. गणिताच्या शिक्षकाने अपूर्णांक आणि शेकडेवारी समजावून द्यावी, उर्दूच्या शिक्षिकेने उताऱ्यावरचे प्रश्न कसे सोडवावेत ते सांगावे, मराठीच्या शिक्षकाने व्याकरण घ्यावे, इतिहासवाल्याने परिसर अभ्यास पाहावा. नुकतीच परीक्षा उत्तीर्ण झालेली तरुण सहकारी असेल, तर वयाने मोठ्यांनी तिच्यापुढे बसण्यास संकोच करू नये.

शेवटी आपल्यासारख्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांविषयी. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात दिला होता. २०२५ च्या निकालात दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. आपल्या घटनादत्त हक्कांचा विचार तेथे होईल आणि तो हक्क जपण्यासाठी संस्थांनी आपली बाजू अवश्य मांडावी. पण त्या निर्णयाची वाट पाहत शिक्षकांनी पुस्तक मिटून ठेवणे हिताचे नाही. २०२१ पासून टीईटीचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते. निर्णय कसाही लागला, तरी एकदा केलेला अभ्यास वाया जाणार नाही. आणि आपल्या मुलांना शिकविणारा शिक्षक इतर शाळांतील शिक्षकाहून कमी पात्र ठरावा, अशी सवलत आपल्यापैकी एकाही पालकाला नको असेल.

संस्थाचालकांना मात्र नम्र विनंती आहे. १८५४ च्या खलित्याने आणि १९३७ च्या समितीने प्रमाणपत्राआधी शिक्षणाची तरतूद केली होती. ती तरतूद आता आपल्याला आपल्या घरीच करावी लागेल. परीक्षेच्या आधीचे दोन महिने परीक्षार्थी शिक्षकांच्या आठवड्यातील दोन तासिका इतरांनी वाटून घ्याव्यात. ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच आणि संध्याकाळी दिवा चालू असलेली एक खोली असावी. परीक्षेचे शुल्क संस्थेने भरावे. स्नेहसंमेलन आणि सहल त्या दोन महिन्यांत ठेवू नये. खर्च फार नाही. पंधरा वर्षे आपल्या मुलांना शिकविलेला शिक्षक दीडशे प्रश्नांपायी शाळेबाहेर गेला, तर त्याची जागा भरून काढण्यास येणारा खर्च याहून किती तरी मोठा आहे.